व्हर्निसचा गुडघा

आर्डिस टॉलफसन यांचा उजवा गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या मुलीनं, लॉर्नानं, गंभीरपणे सांगितलं की गुडघ्याआधी अर्जाची तयारी करावी लागेल. गुडघा डॉक्टर बदलतील. आपल्याला बदलायचंय ते आईचं तोंड.

कारण असं. राज्य सरकारनं नवा कायदा केला होता. घरातल्या आजाऱ्याची सेवा करायला रजा मिळणार आणि रजेतला पगार सरकार देणार. लॉर्ना खिडक्यांच्या कारखान्यात होती. मंजुरीशिवाय घरी बसली तर नोकरी जाणार. न बसली तर आईला पलंगावरून बाथरूमपर्यंत कोण नेणार? अट एकच होती: आजाऱ्यानं आपलं दुखणं आणि आपली गरज आपल्या तोंडानं सांगायची.

टोर्सन लेक गावात नेमकं हेच कोणाला जमत नव्हतं. तळं ट्रक उभे करण्याइतकं गोठलं तरी तिथं "जरा गार आहे" म्हणतात. आर्डिसबाईंचे यजमान हॅल्वर वारले त्या सकाळी "थोडं थकल्यासारखं वाटतंय" एवढंच म्हणाले होते, आणि तेही जरा जास्तच बोलले असं बाईंचं मत होतं. कोणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, आणि तिसऱ्यांदा "बरं, केलीच असेल तर घोटभर." पहिल्याच बोलावण्याला बसणारा एक तर हावरट, नाही तर बाहेरगावचा.

डॉक्टर कास्टिलो बाहेरगावचे होते. टेक्सासमधून नवीन आलेले, त्यामुळे ऐकलेल्या शब्दावर विश्वास ठेवणारे.

"दुखतंय का, टॉलफसनबाई?"

"तक्रार नाही."

"जिना चढता येतो?"

"जिना कुठं पळून चाललाय!"

"ऑपरेशननंतर मदत लागेल ना?"

"लोकांना काय काय होतं हो, डॉक्टर. आमचं काय मोठंसं!"

डॉक्टरांनी लिहिलं: रुग्ण समाधानी. मदतीची गरज आढळत नाही.

"अहो, ती आत आली ती भिंत धरून!" लॉर्ना ओरडली.

डॉक्टर हळहळले. "मला दिसतंय हो. पण इथं रुग्णाचं म्हणणं लिहायचंय, माझं नाही. पुढच्या आठवड्यात या. जरा कण्हायची तयारी करून या."

तयारी स्वयंपाकघरात सुरू झाली.

"आई, कण्ह."

"शेजारी काय म्हणतील?"

"शेजारी ऐकत नाहीयेत."

"मग कण्हून उपयोग काय?"

लॉर्नानं कपाळाला हात लावला. "लोकांच्या नावानं तर कशी तलवार चालते तुझी! त्या व्हर्निसच्या बटाट्याच्या सॅलडवर चर्चपासून घरापर्यंत बोलत आलीस."

"बोलण्यासारखंच होतं ते. बटाटे कच्चे, आणि वर मनुका! मनुका घालतं का कोणी?"

लॉर्ना एकदम थांबली. "आई, असं समज, हा गुडघा तुझा नाहीच. व्हर्निसचा आहे."

व्हर्निस लुंडीन रस्त्यापलीकडे राहायची. जन्माची मैत्रीण, म्हणजे जन्माची स्पर्धा. आर्डिसबाईंनी स्वतःच्या गुडघ्याकडे वाकडी नजर टाकली, आणि बांध फुटला.

"हा? हा मेला कुचकामाचा! दोन पायऱ्या चढला की गंजलेल्या फाटकासारखा वाजतो. झोपू देत नाही, उठू देत नाही. पण बया कबूल करील तर शपथ! चौघांनी उचलून बाथरूमला न्यावी लागली, तरी म्हणेल, मी आपली सहज टेकलेय!"

बोलून झालं. मग बाई गुडघ्यावरून हात फिरवत राहिल्या.

"बिचारी," त्या हळूच म्हणाल्या. कोणाबद्दल, ते लॉर्नानं विचारलं नाही.

दुसऱ्या भेटीत व्हर्निसच्या गुडघ्याचं वर्णन ऐकून डॉक्टरांचे डोळे पाणावले. त्यांनी 'स्थिती दयनीय' असं लिहून सही ठोकली. आता फक्त पडताळणी राहिली. एक दिवस सरकारी कचेरीतून फोन आला. लॉर्ना कामावर होती. पलीकडचा आवाज फार अदबीचा होता.

"टॉलफसनबाई, तुमच्या सेवेसाठी तुमच्या मुलीला रजा द्यायची आहे. तुम्हाला तिची गरज आहे ना?"

जन्मात पहिल्यांदा सरकार काहीतरी देऊ करत होतं. आर्डिसबाईंची शाळा आठवीत सुटली असेल, पण रीतभात सुटली नव्हती.

"छे हो! माझ्यासाठी उगाच कशाला त्रास!"

"आभारी आहे, बाई. तशी नोंद करतो."

संध्याकाळी लॉर्ना घरी आली, तरी फोन आईच्या कानालाच होता.

"कोण आहे?"

"सरकार," आर्डिसबाई कुजबुजल्या. "अजून दोनदा विचारायचंय त्यांना."

रजा नामंजूर झाली. कारण: संबंधित व्यक्तीनं मदत स्वतःहून नाकारली. अपील करता येईल, असंही कळवलं होतं. त्यात पुन्हा विचारणा होईल. एकदाच.

ऑपरेशन झालं. लॉर्ना डोळे पुसत कारखान्यात गेली, आणि दारात ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्या-खिम्याची वाफाळती हॉटडिश घेऊन व्हर्निस उभी राहिली.

"आर्डिस, सोबतीला राहू का गं?"

"नको."

"राहते ना."

"नको गं, तुला कशाला त्रास."

"मी राहतेच आहे."

"बरं, आलीच आहेस तर."

हॉटडिशमध्ये मनुका होत्या. आर्डिसबाईंनी त्या मुकाट्यानं गिळल्या. "कशी झालीय?" व्हर्निसनं विचारलं. "वाईट नाही," म्हणाल्या. मग व्हर्निसनं त्यांच्या काखेत हात घातला आणि दोघी बाथरूमकडे निघाल्या. उंबऱ्यापाशी गंजलेल्या फाटकासारखा आवाज आला. आर्डिसबाईंचा गुडघा तर कोराकरकरीत होता.

"दुखतो का गं तुझा?"

"छे! तक्रार नाही."

"दुखतो का?"

"चालायचंच. लोकांना काय काय होतं."

आर्डिसबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "व्हर्निस, दुखतो का?"

व्हर्निस टबच्या काठावर मटकन बसली. "फार दुखतो गं."

आज सकाळी तुम्हालाही कोणीतरी विचारलं असेल, "कसं काय, मजेत?" तुम्ही "मजेत" म्हणालात आणि तो पुढे निघून गेला. मग तुम्हीही कोणाला तरी तेच विचारलंत. सरकारला हसून झालं असेल, तर सांगा: त्या माणसाला दुसऱ्यांदा विचारलंत का?