माझा गुडघा आणि ह्यांचं नाव

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानं नाही, मुलानं नाही, सुनेनं नाही. गुडघा माझ्या अंगाला, दुखतो मला, आणि तो दुखतो की नाही हे ठरवणार बाकीचे!

सकाळी उठले की उजवा गुडघा लाकडासारखा. भिंत धरून न्हाणीपर्यंत जावं, परत यावं, तेव्हा कुठं सैल होतो. दारात रांगोळीचं कोलम काढायला उकिडवी बसले की उठताना उंबऱ्याला धरायचं. जिना चढताना एक दुःख, उतरताना दुप्पट. संध्याकाळी हात लावून बघावा तर सुजलेला, आणि तव्यावरून उतरवल्यासारखा गरम. हे सगळं मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आवाज येतो का?"

"कसला आवाज?"

"गुडघ्याचा. कट् कट्."

"आवाज नाही. दुखतो."

"मग काही नाही. माझा ऐक." असं म्हणून हे खुर्चीवरून उठले, बसले, पुन्हा उठले. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज. "याला म्हणतात लक्षण!"

"दुखतो का तुमचा?"

"अजून नाही. पण आवाज बघ की!"

(हे इथं तमिळनाडूत, ओरत्तनाडूच्या सरकारी ऑफिसात क्लार्क होते. रिटायर झाल्यापासून फोन बघून बघून डॉक्टर झालेत. ह्यांचं नाव मी सांगणार नाही. लग्नात घेतलं तेवढंच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, असं सासूबाई सांगून गेल्या. भांडण कितीही पेटलं तरी मी ह्यांचं आयुष्य उणं केलेलं नाही. ह्यांनी माझ्या गुडघ्याचं केलं.)

शेवटी सून म्हणाली, "अम्मा, एक्स-रे काढून या. म्हणजे वाद मिटेल." हरिणी शहाणी मुलगी आहे. मला भाजी चिरायला खाली बसावं लागू नये म्हणून तिनं स्वयंपाकघरात उंच खुर्ची पण आणून ठेवली होती. मी ठरवलं, जायचं. ह्यांनी छत्री उचलली. "मी येतो सोबत."

तिथंच मी नको म्हणायला हवं होतं.

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट नेम?"

"भागीरथी."

"हजबंड नेम?"

मी ह्यांच्याकडे बघितलं.

"अम्मा, वीट्टुक्कारर नाव?"

"ते बघ, छत्री घेऊन बसलेत. त्यांनाच विचार."

"सार!" तिनं हाक मारली. हे आले, इनिशियलसकट, स्पेलिंगसकट सगळं सांगितलं. (कुणी नाव विचारलं की हे असे फुलतात, जसं काही सत्कारच आहे.) मागं रांग ओरडत होती. पोरीनं चिठ्ठीवर ह्यांचंच नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि मला दिली. तेवढ्यात हे म्हणतात, "आलोच आहे तर माझाही काढा. माझा आवाज येतो." मग दुसऱ्या चिठ्ठीवर माझं नाव, ती ह्यांना. माझी शाळा थोडकी, ती पण तमिळ. मराठी अक्षरं आईनं घरी शिकवली, इंग्रजी कोण शिकवणार? आणि हे चष्मा घरी विसरलेले. आतल्या माणसानं चिठ्ठी बघितली, गुडघा बघितला, तोंड काही कुणाचं बघितलं नाही.

डॉक्टर शनिवारी येणार होत्या. फिल्म आणि रिपोर्ट घेऊन आम्ही घरी आलो. मुलगा श्रीहर्ष फिल्म खिडकीशी धरून वाचायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला.

"अप्पा, उजव्या गुडघ्यातली फट कमी झालीय. कडेला हाड वाढलंय."

हे सावकाश खाली बसले, आणि पुन्हा उठायचं नावच नाही.

"ती फिल्म माझी आहे," मी म्हटलं.

"अम्मा, वर नाव बघ ना. अप्पांचं आहे. तुझी नॉर्मल आली."

"नाव काय बघतोस, गुडघा बघ! हा असा गुडघा ह्यांचा असता तर गल्लीला झोप लागली असती का?"

"अम्मा," हरिणी म्हणाली, "नॉर्मल आली तर आनंद मानायचा, रागवायचं कशाला?"

झालं. माझी उंच खुर्ची स्वयंपाकघरातून निघाली आणि ह्यांच्या खाली गेली. अप्पांनी जिना चढू नये म्हणून वाळत घालायचे कपडे गच्चीवर मी न्यायचे. हाडांना चांगली म्हणून पिरंडैची चटणी. ही पिरंडै म्हणजे वेल, सोलताना हात असे खाजवतात की तेल चोळलं तरी थांबत नाही. मी जमिनीवर विळीपुढं बसून, दुखरा गुडघा पसरून, खाजऱ्या हातांनी वेल सोलतेय कशासाठी? ह्यांच्या चांगल्या गुडघ्यासाठी! आणि हे वरून म्हणतात, "मीठ कमी टाक. बीपी."

समोरची महालक्ष्मी केळी घेऊन ह्यांना बघायला आली. "किती सोसतात गं! तोंडातून चकार शब्द नाही."

"दुखत असेल तर शब्द निघेल ना?" मी म्हटलं.

"काय बाई तुझं बोलणं," असं म्हणून तिनं ह्यांना केळं सोलून दिलं.

एवढं सोसणारा माणूस कॉफीचा वास आला की डवरा, म्हणजे कॉफीची वाटी, घ्यायला माझ्याआधी स्वयंपाकघरात. "गुडघा चालता ठेवायला सांगितलंय," म्हणे. कुणी सांगितलंय? फोननं.

मला रडू येत नाही, राग येतो. पण त्या आठवड्यात एका सकाळी उंबरा धरूनही उठता येईना, तेव्हा कोलमच्या पिठात हात टेकून मी बसून राहिले आणि पहिल्यांदा भीती वाटली. औषध सगळं ह्यांच्या पोटात जाणार, आणि माझा पाय असाच कायमचा अडकून बसणार.

शनिवार आला, श्रीहर्षपण सोबत निघाला. दवाखाना माडीवर. हे टोकन घ्यायला दोन-दोन पायऱ्या टाकत वर पोचले. मी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. डॉक्टर वरलक्ष्मी आपल्या खोलीच्या दारात उभ्या राहून बघत होत्या, हे मला नंतर कळलं.

त्यांनी फिल्म उजेडात धरली. "हा गुडघा कुणाचा?"

"माझा," हे म्हणाले. "आवाज येतो." आणि उठून-बसून ऐकवला.

"दुखतो? सुजतो? सकाळी आखडतो?"

"सकाळी मी वॉकिंगला जातो."

"मग आवाज येऊ दे. दुखणं, सूज नसेल तर नुसत्या आवाजाला घाबरायचं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "अम्मा, जरा उभ्या राहा." मी टेबलावर दोन्ही हात टेकून उठले. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, तळवा लावून ऊब बघितली. "ही फिल्म यांची आहे. हातांचा आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही, हे घरात कुणालाच दिसलं नाही?"

मी श्रीहर्षकडे बघितलं. श्रीहर्ष पंख्याकडे बघत होता.

"पण नाव कसं बदललं?" डॉक्टरांनी काउंटरवरच्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "अम्मांनी हजबंडचं नाव सांगितलंच नाही, मॅडम. मी तरी काय करू?"

"बरोबर," हे लगेच म्हणाले. "हिनं नाव घेतलं असतं तर काही झालं नसतं. चूक हिचीच."

माझी! एवढी वर्षं ह्यांचं आयुष्य राखलं, ती माझी चूक! मी टेबल धरून उभी होते ती तशीच वळले, आणि सासूबाईंची मनातल्या मनात माफी मागून ह्यांचं नाव घेऊन ओरडले. बाहेरची रांग दारातून डोकावली.

आणि हे? लाजले! नवरदेवासारखे. म्हणतात, "पुन्हा एकदा म्हण ना."

आता गोळ्या मला, व्यायाम मला, उंच खुर्ची परत मला. पण हे गल्लीभर सांगत फिरतात की बायकोनं इतक्या वर्षांनी प्रेमानं हाक मारली. महालक्ष्मीनं तर डोळे पुसले. मी शंभरदा सांगितलं, ती हाक नव्हती, तक्रार होती. विश्वास कुणी ठेवत नाही. म्हणून इथं पांढऱ्यावर काळं करून ठेवते, आयुष्य उणं होवो नाहीतर दुप्पट होवो. चूक कुणाची?

सेतुरामांची.