सव्वीस थरांत सासरेबुवा

"मॅडम, या जाकिटावर माझा इतका भरवसा आहे म्हणून सांगू! हे मी माझ्या सख्ख्या सासऱ्यांच्या अंगात घालीन, त्यांना तुमच्यासमोर उभं करीन आणि म्हणेन, झाडा गोळी! त्यांच्या केसाला जरी धक्का लागला ना, तर ही मिशी उतरवीन!"

सकाळी साडेसात वाजता गॅलरीत उभं राहून मिलिमीटर फोनवर हे बोलला. पलीकडे चाचणी केंद्राच्या परीक्षकबाई होत्या. अकराला त्याच्या जाकिटाची चाचणी होती आणि बाईंनी फक्त "वेळेवर या" एवढंच सांगायला फोन केला होता. पण माणसाला बढाई मारायची असली की निमित्त कोण बघत बसतो!

मिलिमीटर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. गोळी अडवणारी जाकिटं बनवणाऱ्या कारखान्यात तो त्यांची रचना करायचा. एखादी कड मिलिमीटरभर इकडची तिकडे झाली की गडी जेवायचा नाही. स्वतःची मिशीसुद्धा तो रोज सकाळी छोट्या कात्रीने पट्टी लावून कापायचा. म्हणून कारखान्याने हे नाव ठेवलं, आणि हळूहळू घरानेही ते मान्य केलं.

या वेळचं जाकीट मात्र त्याने पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, आणि त्याला कारण होती त्याची धाकटी बहीण. धाकटी खजिन्याच्या दारावर पहारेकरी होती. आठ तास उभं राहायचं आणि अंगात साडेचार किलोचं जुनं जाकीट, तेही कुणातरी पैलवानाच्या मापाचं! एकदा ती घरी आली तेव्हा वहिनीने तिच्या खांद्यांवरचे काळेनिळे वळ पाहिले. "दादा," धाकटी म्हणाली होती, "गोळी लागेल तेव्हा लागेल रे. हे जाकीट मात्र मला रोज मारतंय." ते ऐकून मिलिमीटरला रडूच फुटलं होतं. त्या दिवसापासून त्याने डोक्यात एकच घेतलं. पिवळ्या चिवट धाग्याचं कापड, वजनाला वजन लावलं तर पोलादाने मान खाली घालावी असं. त्याचे सव्वीस थर, प्रत्येक थर आडवाउभा फिरवून ठेवलेला, आणि सगळे फक्त कोपऱ्यांत धरलेले. का, तर गोळी आली की थरांनी जरा सरकून तिचा जोर आजूबाजूला वाटून घ्यावा. वजन? पावणेदोन किलो! आज ते पास झालं तर धाकटीला आणि तिच्या चाळीस मैत्रिणींना नवी जाकिटं मिळणार होती. नापास झालं तर जुनंच ओझं आणखी तीन वर्षं. मधला मार्ग नव्हता.

आता एवढं सगळं नीट असताना घोळ कुठे झाला? तर तो गॅलरीत नाही, आत दिवाणखान्यात झाला.

जाकिटाच्या दोन्ही बाजूंना करकर आवाज करत उघडणाऱ्या पट्ट्या लावायच्या राहिल्या होत्या. पट्ट्या नेमक्या कुठे बसतील याची खूण करायला ते कुणाच्या तरी अंगात घालून बघायला हवं होतं. धाकटी कामावर. मिलिमीटरच्या खांद्यांवर ते चढेना. उरले कोण? महिनाभर मुलीकडे राहायला आलेले सासरेबुवा! वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. खांदे अगदी धाकटीच्या मापाचे, पोट मात्र स्वतःच्या मापाचं. आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासल्यामुळे जगात सगळे जण थोडं कमीच तोलतात अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि त्या सगळ्यांत जावई पहिला.

बायको घरीच शिवणकाम करायची. तिने बाबांना उभं केलं, जाकीट चढवलं आणि दोन्ही बाजू अंगावरच कच्च्या टाक्यांनी जोडून घ्यायला लागली. एरवी कच्च्या टाक्याला साधा पांढरा दोरा घेतात, खूण झाली की उसवून टाकतात. पण पांढरं रीळ संपलं होतं. समोर नवऱ्याच्या पिशवीत एक पिवळं रीळ दिसलं. तिने म्हटलं, दोरा तो दोरा! दुहेरी घेतला, आणि बाबा सारखे चुळबुळ करत होते म्हणून टाके जरा घट्टच घातले. काखेपासून कमरेपर्यंत. दोन्हीकडे. शेवटी तीन-तीन गाठी.

मिलिमीटर मिशीवर बोट फिरवत आत आला आणि त्याचे डोळे पांढरे झाले.

"अगं, हा दोरा कुठला घेतलास?"

"तुमच्याच पिशवीतला. का हो?"

"का हो काय! ते जाकिटाचंच सूत आहे! त्याने ट्रक ओढतात!"

"अय्या! म्हणूनच तुटत नव्हता होय? दाताने तोडायला गेले तर दातच हलला माझा."

मग सुरू झाली झटापट. शिवणाची कात्री आली, तिच्या पात्यांत दोरा नुसता चघळला गेला. ब्लेड आलं, बोथट झालं. विळी आणली तेव्हा सासरेबुवा खुर्चीवर चढले. गाठी सोडवायला जावं तर ओढल्याबरोबर त्या आणखी आवळत. डोक्यावरून काढायचं ठरलं, तर जाकीट पोटावर अडलं, तिथून सुटलं ते कानांवर अडलं, आणि आतून आवाज आला, "माझा चष्मा!" पुन्हा खाली ओढलं. कापड फाडायची सोय नव्हती. नमुन्याला चीर गेली की नमुना बाद, असा नियमच होता.

"घाबरायचं कारण नाही," मिलिमीटर म्हणाला. "माझी खास कात्री आहे. काळ्या मुठीची. हे सूत कापायलाच बनवलेली." त्याने पेटी उघडली, कात्री काढली, दोऱ्याला लावली. दोरा हसला म्हणायचं फक्त बाकी राहिलं. त्याने पातं उजेडात धरलं. गुळगुळीत! चकचकीत!

"हिचे दात कुठे गेले?"

"ती होय?" सासरेबुवा अभिमानाने म्हणाले. "तिच्या पात्याला सगळीकडे बारीक खाचा पडल्या होत्या. किती हयगय ती हत्यारांची! काल धारवाल्याकडे स्वतः उभा राहिलो आणि सगळ्या खाचा घासून घेतल्या. आभार मानायचं राहू द्या, निदान ओरडू तरी नका."

"बाबा," मिलिमीटर जमिनीवर बसत म्हणाला, "त्या खाचांनीच हे सूत कापलं जातं हो. नाहीतर ते नुसतं पात्यावरून घसरतं."

"मग तसं लिहून ठेवायचं तिच्यावर!"

कारखान्यात तसली दुसरी कात्री होती. पण ती कटिंगमास्तरांच्या कपाटात, कपाटाची किल्ली कटिंगमास्तरांच्या खिशात, आणि कटिंगमास्तर मेव्हणीच्या लग्नाला! घड्याळात साडेनऊ झाले. आता एकच उपाय होता. चाचणी केंद्रात तसली कात्री असणारच. नमुना न्यायचा म्हणजे सासरेबुवांनाही न्यायचं.

बायकोने वरून कोट चढवला आणि तिघं निघाले. बस सुटत होती, सासरेबुवा चक्क धावले. उडी मारून चढले, खिडकी पकडली आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. मिलिमीटर दांडीला लटकून घामाघूम होत होता. आपण फोनवर काय बोललो होतो, हे त्याच्या पार विस्मरणात गेलं होतं.

परीक्षकबाईंच्या मात्र नव्हतं.

"या," त्या म्हणाल्या. "नमुना कुठे आहे?"

मिलिमीटरने ओशाळून सासऱ्यांच्या कोटाची बटणं काढली. परीक्षकबाईंनी आधी जाकीट पाहिलं, मग वरचं टक्कल पाहिलं, आणि त्यांच्या हातातली फाईल पडली.

"हे… सासरे?"

"हो. म्हणजे त्याचं असं झालं…"

"अहो, फोनवरचा तो मला विनोद वाटला होता! तुम्ही खरंच घेऊन आलात? त्यांना उभं करून गोळी झाडायला?"

सासरेबुवा सावकाश वळले. समोरच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा होत्या. कोपऱ्यात बंदूकवाला नळी पुसत होता. मध्ये मातीचा भलामोठा ठोकळा होता, माणसाच्या छातीएवढा.

"ही माती कशाला?" त्यांनी विचारलं.

"जाकिटाच्या मागे केवढा खड्डा पडतो ते मोजायला," बंदूकवाला भाबडेपणाने म्हणाला.

"कुणाच्या मागे?"

"बाबा, ऐका…"

"जावईबापू! महिनाभर राहिलो ते एवढं जड झालं? सांगायचंत! बॅग तयारच असते माझी!"

"अहो बाबा, नाही हो!" बायको पुढे धावली. आणि लगेच नवऱ्याकडे वळली. "तुम्ही असं बोललात फोनवर? माझ्या बाबांबद्दल?"

"भरवसा होता म्हणून बोललो!"

"मग स्वतःच्या अंगात घालायचं होतंत!"

"माझ्या खांद्यांवर चढत नाही ना ते!"

बंदूकवाल्याने गुपचूप बंदूक कपाटात ठेवून कुलूप घातलं. मिलिमीटरने दोरा, कात्री, कटिंगमास्तर, मेव्हणी, सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगता सांगता त्याला वाटलं, गेलं सगळं. आता कसली चाचणी! धाकटीच्या खांद्यांवरचे वळ त्याच्या डोळ्यांपुढे आले.

परीक्षकबाई मात्र कडक असल्या तरी माणूस होत्या. त्यांनी फाईल उचलली. "हे बघा, गोळी झाडण्याआधी अंगात घालून बघायची चाचणी असतेच. दोन तास घालायचं, चालायचं, वाकायचं, जिने चढायचे. आमचा माणूस आज आजारी आहे. यांनी ते केव्हापासून घातलंय?"

"आठ वाजल्यापासून," बायको म्हणाली.

"मग चाचणी झालीच की. आजोबा, खरं खरं सांगायचं. तुमच्या शेऱ्यावर पुढचं ठरेल. कसं वाटलं?"

मिलिमीटरने डोळे मिटले. ज्या माणसाने लग्नात आहेराच्या साखरेचं वजन करून बघितलं होतं, आणि ज्याला जावयाने गोळी घालायला आणलं असं आत्ताच कळलं होतं, त्याच्या हातात सगळं जाऊन पडलं होतं!

सासरेबुवांनी घसा खाकरला. "मी रागावलेलो आहे. पण राग वेगळा, वजन वेगळं. छत्तीस वर्षांत खोट्या वजनावर सही केली नाही, आजही करणार नाही. हा म्हणतो, जाकीट पावणेदोन किलोचं आहे. साफ खोटं!"

मिलिमीटर खिसे चाचपून वजनाची नोंद शोधायला लागला.

"एक किलो सातशे वीस," सासरेबुवा म्हणाले. "यापेक्षा ग्रॅमभर जास्त निघालं तर मी वजनमापांचं नाव काढणार नाही. याला स्वतःच्या जाकिटाचं वजनसुद्धा नीट सांगता येत नाही! बाकी, बसमागे धावलो, चढलो, झोपलो, भांडलो. अंगात काही आहे हे मला इथे कोट काढल्यावर आठवलं. फक्त पाठ खाजवता येत नाही. ते लिहा."

परीक्षकबाईंनी ते लिहिलं. मग त्यांच्या कपाटातून काळ्या मुठीची कात्री आली आणि कच्च् कच्च् करत पिवळा दोरा साध्या सुतासारखा तुटला. सासरेबुवांनी ती कात्री मागून घेतली, पात्यावरच्या बारीक दातांवरून बोट फिरवलं आणि एकेक दात मोजून पाहिला.

जाकीट काट्यावर ठेवलं. एक किलो सातशे बावीस!

"दोन ग्रॅम माझा घाम," सासरेबुवा म्हणाले.

मग जाकीट मातीच्या ठोकळ्यावर चढलं. सहा गोळ्या झाडल्या. सव्वीस थरांपैकी नवव्या थरापुढे एकही गेली नाही आणि मागचा खड्डाही नियमाच्या आत राहिला. मिलिमीटरने तो स्वतः तीनदा मोजला. बाईंनी शिक्का मारला तेव्हा त्याने सासऱ्यांचे पाय धरले. "उठा, उठा," ते म्हणाले. "मिशीला माती लागेल."

दोन महिन्यांनी, सासरेबुवांचा एक महिना अजून संपायचाच असताना, धाकटी कामावरून थेट जेवायला आली. हात धुतले, ताटावर बसली, चार घास खाल्ले.

"अगं, जाकीट तरी काढ!" वहिनी म्हणाली.

धाकटीने छातीवर हात ठेवला. "अगंबाई! अंगातच राहिलं की! दादा, मला कळलंच नाही रे!"

मिलिमीटरच्या हातातला घास हातातच राहिला. आठ तास उभी राहून आलेली बहीण, आणि तिच्या लक्षातच नाही! त्याला इतका आनंद झाला, की तो "मी तर म्हणतो…" असं म्हणून छाती फुगवायला लागला. तेवढ्यात समोर सासरे बसलेत हे त्याला दिसलं आणि त्याने तोंडात घास घातला.

धाकटी पट्टी सोडायला गेली, तर पट्टीत सदऱ्याचा दोरा अडकला. "थांब पोरी!" म्हणत सासरेबुवा ताडकन उठले, आत गेले आणि डबा घेऊन आले. डब्यात घरातल्या सगळ्या कात्र्या होत्या. शिवणाची, स्वयंपाकघरातली, कागदाची, अगदी छोटीसुद्धा.

"घे कुठलीही!" ते म्हणाले. "माझी चूक मी सुधारली. आजच धारवाल्याकडे उभा राहून सगळ्यांना दात पाडून आणले!"

जाकीट आजही धाकटीच्या अंगात आहे आणि सासऱ्यांच्या केसाला धक्कासुद्धा लागलेला नाही. त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी लावून छोटी कात्री चालवल्यावर मिलिमीटरला मिशी मात्र उतरवावी लागली.