योगर्टाचं विरजण

खाण्याच्या बाबतीत निशिकांत आठल्येने स्वतःला कधीही फसवलं नव्हतं. तशी गरजच पडत नसे. फसवायला घरात बायको होती.

सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत तो ऑडिट खात्यात होता. म्हणजे दुसऱ्यांवर संशय घेण्याचा त्याला पगार मिळे. सुलेखा तेच काम घरी बिनपगारी करी आणि जास्त चोख करी. "साखर काठावर आहे, सांभाळा," असं डॉक्टरांनी म्हटल्यापासून बुकित तिमाहच्या त्यांच्या फ्लॅटमधून आइस्क्रीम हद्दपार झालं होतं. आणि शनिवारी सकाळी धुवायला टाकलेल्या निशिकांतच्या पँटच्या खिशातून गुलाबी प्लास्टिकचा चमचा निघाला.

"हे काय?"

"चमचा."

"दिसतंय मला. कशाचा?"

"फ्रोझन योगर्टचा." उत्तर त्याने कधीचंच तयार ठेवलं होतं. "दही गं. गार केलेलं. तूच म्हणतेस ना, रोज वाटीभर दही खात जा म्हणून?"

"आणि वर काय घालतात?"

"फळं." बिस्किटाचा चुरा आणि चॉकलेटच्या गोळ्या तूर्तास फळांत मोडत होत्या.

"इट्स डेझर्ट लाह, बाबा," क्षिप्रा मोबाइलमधून मान वर न काढता सिंगापुरी हेलात म्हणाली. त्यांची ही लेक पॉलिटेक्निकमध्ये फूड सायन्स शिकत होती. त्यामुळे घरात खाण्याबद्दल तिला कोणी काही विचारत नसे.

सुलेखाने चमचा उलटसुलट करून पाहिला. "ठीक आहे. दही असेल तर त्याचं विरजण लागेल. साधं, बिनफळांचं घेऊन ये, मी दुधाला लावते. संध्याकाळपर्यंत दही झालं तर रोज खा, मी अवाक्षर काढणार नाही. नाही झालं, तर ऑफिसातून सरळ घरी यायचं आणि दुधीचा रस प्यायचा."

ऑफिस सुटल्यावर एमआरटी स्टेशनच्या वाटेवर तो कप हातात असेपर्यंत त्याला कोणी काही विचारत नसे. दिवसातला तेवढाच वेळ त्याचा स्वतःचा होता, आणि तो आता दुधीच्या रसात बुडायच्या बेतात होता.

त्याने कप आणला. सुलेखाने दूध कोमट केलं, बोट बुडवून पाहिलं, चमचाभर योगर्ट घालून पातेलं ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं. उरलेला कप क्षिप्राने आपल्या खोलीत नेला. तिच्यावर कोणी संशय घेतला नाही.

दुपारी सुलेखा भाजी आणायला टेक्का मार्केटला निघाली. "पातेल्याला हात लावू नकोस," दारातून ती म्हणाली.

"माझ्यावर विश्वास नाही?"

"नाही," असं म्हणून ती लिफ्टमध्ये शिरली.

निशिकांतने झाकण उचललं. दूध होतं तसंच दूध होतं. योगर्टात जिवंत जिवाणू असतात, असं दुकानातल्या पाटीवर लिहिलेलं होतं खरं. पण कंपन्या काय लिहितात आणि खरं काय असतं, हे शोधण्यात त्याची उमर गेली होती. त्याने फ्रिजमधली घरच्या दह्याची वाटी काढली, सढळ हाताने एक चमचा दुधात घातला, ढवळला, चमचा धुऊन, पुसून जागेवर ठेवला. चष्मा तेवढा हॉलमध्येच राहिला होता.

संध्याकाळी पातेलं तिरकं केलं तरी दही हललं नाही. निशिकांत विनयाने छताकडे बघत उभा राहिला.

सुलेखाने चमचाभर दही काढलं आणि दिव्याखाली धरलं. "निशी, ही मोहरी कुठली?"

"टॉपिंग असेल."

"बिनफळांच्या योगर्टात? आणि हा कढीपत्ता?"

"सिंगापुरात हल्ली काहीही घालतात."

"फ्रिजमधल्या दह्याला मी जाण्याआधी फोडणी दिली होती," सुलेखा शांतपणे म्हणाली. "लाचलुचपतवाले नोटांना पावडर लावतात ना, तशी. दुधी आणलाय मी येताना. चांगला कोवळा आहे."

निशिकांत काही बोलणार, तोच क्षिप्रा एक पेला घेऊन आली. "कंट्रोल सॅम्पल. सकाळी मीपण लावलं, त्याच कपातलं योगर्ट. माझ्या कपाटात होतं, नोबडी टच."

पेल्यातलं दही पांढरंशुभ्र होतं, मोहरीबिहरी काही नव्हती. सुलेखाने पेला तिरका केला, उलटा करायच्या बेतापर्यंत नेला. दही ढिम्म हललं नाही.

"म्हणजे हे आपलं आपण लागलं?" निशिकांतने विचारलं.

"येस लाह. तुम्ही उगाच चीटिंग केली."

सुलेखाने पिशवीतला दुधी काढून फ्रिजमध्ये टाकला. "दही आहे. शब्द दिलाय मी. खा."

निशिकांतची छाती फुगली. चोरी पकडली गेली होती, पण माल अस्सल निघाला होता. इथेच त्याने थांबायला हवं होतं.

"आइस्क्रीमपेक्षा कधीही चांगलं," तो म्हणाला. "सांग गं क्षिप्रा आईला."

क्षिप्राने मोबाइलवर त्या दुकानाचं पान उघडलं. त्यांच्याकडे दोन्ही मिळत होतं. "फॅट कमी आहे, आइस्क्रीमच्या निम्म्याहून कमी."

"बघ!"

"शुगर जास्त आहे. विदाउट टॉपिंग."

डॉक्टरांनी फॅटचं नावही काढलेलं नव्हतं.