गायकवाड तात्यांचं ऊन

गायकवाड तात्या टोपी काढून अंगणात उभे राहिले की समजायचं, मोजमाप चालू आहे. टक्कल आभाळाकडं, डोळे मिटलेले. पाच-सात सेकंदांनी ते जाहीर करतात, "अठरा अँपिअर." मग आत जाऊन मीटर बघायचं. मीटरनं साडेसतरा दाखवले तर तात्यांच्या मते मीटर बिघडलेलं असतं.

चाकूरपासून चार किलोमीटरवर, माझ्या शेताच्या बांधाला लागून त्यांचा आखाडा आहे. आखाडा म्हणजे आमच्याकडं शेतातलं घर, कुस्तीचा काही संबंध नाही. तात्या नळयोजनेचा पंप चालवायचे. निवृत्त झाल्यावर सुलोचनाकाकूंना घेऊन ते इथं राहायला आले. मीही बांधापलीकडंच राहतो. शाळेत शिकवतो म्हणून त्यांचा 'सर'.

विजेचा खांब इथून लांब आहे आणि जवळ यायचा त्याचा विचार दिसत नाही. म्हणून तात्यांकडं दोन बॅटऱ्या होत्या. एक घरात दिवे लावायची, दुसरी चाकूरला चार्जिंगच्या दुकानात पडलेली असायची. दर चार दिवसांनी दुधाच्या टेम्पोतून त्यांची अदलाबदल व्हायची. "एक सासरी, एक माहेरी," तात्या म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी काकूंना साखर निघाली आणि रोजची सुई मागं लागली. सुईचं औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि या बॅटऱ्यांवर फ्रीज चालणं शक्य नव्हतं. मुलगा प्रकाश लातूरला औषधाच्या दुकानात कामाला आहे. तो आईला घेऊन गेला. तात्यांनाही नेलं होतं. ते दहा दिवस राहिले आणि अकराव्या दिवशी पिशवी घेऊन परत आले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तिथं ऊन जिन्यातनंसुदिक येत न्हाई."

माणूस हट्टी आहे, बायकोपेक्षा याला शेत प्यारं, असं मी घरी बोलूनही गेलो. पुढच्याच महिन्यात टेम्पोतून सोलरच्या चार प्लेटा उतरल्या तेव्हा मला गप्प बसावं लागलं. फ्रीज चालला तर काकू परत येणार होत्या.

प्लेटा तापल्या की वीज कमी देतात, असं तात्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. ते खरंही आहे. म्हणून त्यांनी चारही प्लेटा चिंचेखाली गर्द सावलीत मांडल्या. मीटर दिवसभर जेमतेम हललं. तात्यांनी दुकानदाराला फोन लावून चांगलं फैलावर घेतलं.

"प्लेटा ठेवल्यात कुठं?" दुकानदारानं विचारलं.

"गार जागी," तात्या म्हणाले.

प्लेटा छपरावर गेल्या. मग मे महिना आला आणि तात्यांनी, माठाला गुंडाळतात तसं, प्लेटांवर ओलं पोतं टाकलं. ते मी स्वतः वर चढून काढलं. "ऊन फुकट हाय सर," तात्या खालून म्हणाले, "पण त्याचे नखरे लई."

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीचं वजन वॅटमध्ये व्हायला लागलं. तात्यांच्या अंघोळीआधी प्लेटांची अंघोळ. टीव्ही लागला तरी आवाज बंद, कारण बोलायलाही वीज लागतेच ना. पाहुणा आला की पंखा सुरू, पण पाहुणा बोलायचा थांबला की बटण खाली. "बोलायलाव तवर ठीक. गप बसायला वारं कशाला?" त्यामुळं त्यांच्याकडं गेलेला माणूस उन्हाळ्यात फार बडबड करतो.

एवढी काटकसर करून त्यांनी उदगीरहून एक जुना फ्रीज आणला आणि मुलाला बोलावून दाखवला. प्रकाश औषधांतला माणूस, त्यानं एक अट घातली. वरच्या कप्प्यात वाटीभर पाण्याचा बर्फ करायचा, त्यावर रुपया ठेवायचा. वीज गेली की बर्फ वितळतो आणि रुपया बुडतो. मग वीज येऊन पुन्हा बर्फ झाला तरी रुपया खालीच दिसतो. "अख्खा पावसाळा रुपया वर राहिला तर आईला आणून सोडतो," प्रकाश म्हणाला.

जून गेला, जुलै गेला. मी भेटलो की तात्या मला आधी रुपया दाखवायचे, मग चहा विचारायचे. काकूंची खाट त्यांनी नव्यानं विणून घेतली होती. पावसाळा संपेपर्यंत तिच्यावर कुणी बसायचं नाही.

आणि ऑगस्टात झड लागली. पाच दिवस सूर्य दिसला नाही. तात्यांनी पंखा, दिवे, टीव्ही सगळं बंद केलं. मोबाइलसुद्धा शाळेत चार्ज करून आणायला माझ्याकडं दिला. घरात चालू असलेली एकच वस्तू म्हणजे तो फ्रीज. सहाव्या दिवशी दुपारी ऊन पडलं. मी मोबाइल द्यायला गेलो तर तात्या फ्रीजचं दार उघडून उभे होते. वाटीत नवा बर्फ धरत होता. रुपया तळाशी होता.

मला फार वाईट वाटलं. म्हणालो, "तात्या, वाटी रिकामी करा, नवं पाणी घाला, वर रुपया ठेवा. कोण बघायलंय?"

"सर," तात्या शांतपणे म्हणाले, "सुई तिच्या अंगात जाती. माझ्या न्हाई."

त्यांनी तिथूनच प्रकाशला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून ते स्पीकरवरच बोलतात.

"बुडला," तात्या म्हणाले. "यंदा आईला पाठवू नको. दोन प्लेटा आन एक बॅटरी वाढवतो."

"बरं," प्रकाश म्हणाला. मग फोन काकूंकडं गेला.

"जेवलाव का?"

"हाव."

"काय केलं व्हतं?"

तात्यांनी ओट्याकडं पाहिलं. तिथं एकच पातेलं पालथं पडलं होतं, कोरडं ठणठणीत.

"पिठलं," ते म्हणाले. "लई झालं व्हतं. उरलंय."



"सर तिथंच हायत ना?" काकू म्हणाल्या. "त्यांच्या घरी जावा आन जेवा."