ठणठणीत माणसाचा ईसीजी

सकाळी आठ वाजता कॅज्युअल्टीचे मोठे डॉक्टर शर्टाची बटणं सोडून स्वतःच तपासणीच्या पलंगावर आडवे झाले, तेव्हा सिस्टर घाबरल्याच.

"सर, बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? ईसीजी काढा माझा. आणि कुठे बोलू नका."

सिस्टर बोलल्या नाहीत. या माणसाच्या हाताखाली त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती, कधी गप्प बसायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यंत्रातून कागद बाहेर आला. डॉक्टरांनी त्याचा फोटो घेतला आणि घडी घालून तो खिशात टाकला. आजवर त्यांनी हजारो ईसीजी वाचले होते, पण स्वतःच्या कागदात बघायचं काय?

प्रकरण असं होतं. त्यांच्या हाताखालची तरुण डॉक्टरीणबाई इंटरनेटवर एक पान चालवायची. रोज सकाळी त्यावर एक ईसीजी टाकायचा आणि विचारायचं, ओळखा बघू. सगळा मामला फुकट. नर्सा, विद्यार्थी, अँब्युलन्सवरचे कर्मचारी, आडगावचे डॉक्टर असे शेकडो लोक त्यावर तावातावाने चर्चा करायचे. मोठ्या डॉक्टरांना या पानाचा मनापासून राग होता.

"आम्ही पाय सुजेपर्यंत वॉर्डात उभं राहून शिकलो," काल भर मीटिंगमध्ये ते कडाडले होते. "ही मंडळी बसमध्ये लोंबकळत शिकणार आणि उद्या माणसं वाचवणार!"

"मग एक दिवस तुम्हीच टाका ना सर," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली होती.

म्हणून हा सापळा. धडधाकट माणसाचा ईसीजी टाकायचा, फुकटे पंडित त्यात नाही नाही ते रोग शोधणार, आणि संध्याकाळी उत्तर जाहीर करायचं की यात काहीही नाही. पेशंटचे कागद इंटरनेटवर टाकायला डॉक्टरांचा सक्त विरोध. हाताशी धडधाकट माणूस एकच होता, तो म्हणजे ते स्वतः. 'पुरुष, वय चोपन्न. ओळखा,' एवढंच लिहून त्यांनी फोटो चढवला.

दहा वाजेपर्यंत साठ उत्तरं आली. डॉक्टर चहाचा कप घेऊन मजा बघायला बसले. पण साठ जणांनी साठ रोग काढले नव्हते. बहुतेक सगळे एकच गोष्ट सांगत होते: छातीवरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेतली लाट बघा, वर जाऊन खाली बुडी मारतेय. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली असणार.

"मेंढरं आहेत नुसती," डॉक्टर स्वतःशीच म्हणाले.

मग अँब्युलन्सवरच्या एका कर्मचाऱ्याने विचारलं, "पेशंटच्या छातीत काल-परवा दुखून गेलं होतं का? हा प्रकार दुखणं थांबल्यावरच दिसतो."

डॉक्टरांचा कप हातातच राहिला. रविवारी माळ्यावर बॅग चढवताना छातीवर कुणी तरी बसल्यासारखं झालं होतं खरं. बायको म्हणाली होती, "अहो, तुम्ही पांढरेफटक पडलात!" त्यावर ते तिच्यावरच खेकसले होते आणि पित्ताची गोळी घेऊन झोपले होते. पित्तच होतं ते. दुसरं काय असणार?

"माणूस ठणठणीत आहे," त्यांनी लिहिलं. "आमच्याच कॅज्युअल्टीत बसलाय."

झालं! पान पेटलं. त्याला घरी सोडू नका. त्याला आडवं करा. आणि मुख्य म्हणजे त्याला पळवू नका, पळताना हृदय बंद पडेल. पळवू नका, पळवू नका, असं तीसेक जणांनी लिहिल्यावर डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याला कुणी शिकवायचं म्हणजे काय!

"बरोबर बारा वाजता त्याला ट्रेडमिलवर पळवणार आहे," त्यांनी ठोकून दिलं. "मग बोला."

अकरा वाजता हॉस्पिटलचे फोन खणखणायला लागले. डॉक्टरीणबाई कुठे काम करते हे लोकांना ठाऊक होतं. अधीक्षकांनी कॅज्युअल्टीत फोन लावला.

"सिस्टर, तुमच्याकडे कुणा बिचाऱ्याला पळवून मारणार आहेत म्हणे! चोपन्न वर्षांचा पुरुष. आधी त्याला शोधा!"

शोधाशोध सुरू झाली. कॅज्युअल्टीत त्या वेळी दोन म्हाताऱ्या, पाय मुरगळलेली एक शिक्षिका आणि बेसिनखाली डोकं घालून बसलेला नळवाला एवढीच माणसं होती.

"वय किती तुमचं?" डॉक्टरीणबाईने बेसिनखाली वाकून विचारलं.

"चोपन्न. का हो?"

दुसऱ्या मिनिटाला नळवाला पलंगावर होता.

"अहो बाई, मी गळती काढायला आलोय!"

"बोलू नका. ताण येतो."

"पाणी चालू राहिलंय तिकडे!"

"पाणी वाहू दे. तुम्ही शांत पडा."

मोठे डॉक्टर दारात उभे राहून हे बघत होते. 'सोडा त्याला, तो मी आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण सकाळपासून जे जे लिहून बसले होते, ते सगळं आडवं आलं. त्यापेक्षा दहा मिनिटं पळून दाखवावं आणि विषय संपवावा, असा विचार करून ते वरच्या मजल्यावर सटकले.

ट्रेडमिलच्या खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी बुटांच्या नाड्या आवळल्या, एक पाय पट्ट्यावर ठेवला आणि खिशातला कागद बाहेर काढला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी तो नीट वाचला, एखाद्या परक्या माणसाचा वाचावा तसा.

दुसरी तार. तिसरी तार. लाट वर जात होती आणि खाली बुडी मारत होती. हा कागद दुसऱ्या कुणाचा असता, तर त्यांनी ओरडून अख्खं हॉस्पिटल गोळा केलं असतं. आता मात्र एक पाय पट्ट्यावर ठेवून ते तसेच उभे होते. ते भ्याले होते. साधे, कुणीही भितो तसे भ्याले होते.

"सर, पट्ट्यावरून खाली उतरा."

डॉक्टरीणबाई दारात होती, मागे धापा टाकत सिस्टर. नळवाल्याचा ईसीजी अगदी स्वच्छ निघाला होता, आणि मग सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच सिस्टर न विचारता बोलल्या होत्या.

"पित्त आहे ते," डॉक्टर म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही.

"असं म्हणणाऱ्या पेशंटला तुम्ही काय सांगता सर?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. "गप्प पड, असं सांगतो."

"मग गप्प पडा."

ते पडले. सिस्टरनी तोंडात गोळी कोंबली, दंडात सुई टोचली, आणि ट्रॉली अँजिओग्राफीच्या खोलीकडे निघाली. वाटेत छताचे दिवे एकामागून एक डोक्यावरून जात होते. इतक्या वर्षांत हे छत त्यांनी आडवं पडून कधी पाहिलं नव्हतं. घरी फोन गेला होता. बायको निघाली होती.

दाराशी ट्रॉली थांबली. आतली तयारी व्हायला पाच मिनिटं होती.

"माझा फोन द्या," ते म्हणाले.

"सर, आता कशाला वाद घालताय!" सिस्टर कळवळून म्हणाल्या, पण त्यांनी फोन दिला.

पानावर चारशे उत्तरं जमली होती. शिव्या होत्या, विनवण्या होत्या, लाटेच्या उंचीवरून भांडणं होती. अगदी खाली नर्सिंगच्या पहिल्या वर्षातल्या कुणा मुलीने लिहिलं होतं, "मला अजून ईसीजी नीट वाचता येत नाही. पण त्या काकांना कुणी विचारलं का, त्यांना भीती वाटतेय का?"

डॉक्टरांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. तीस वर्षांत त्यांनी पेशंटला हजार प्रश्न विचारले होते, हा कधीच विचारला नव्हता.

"चला सर, आत बोलावतायत."

"एक मिनिट. एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय," ते म्हणाले, आणि सुई टोचलेल्या हाताने एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं:

"हो, वाटतेय. खूप. विचारलंस, बरं वाटलं. – पेशंट."