म्हायत नाय म्हणायचं

भाटकर सर टपरीवर चहा मागतात तेव्हा मागची माणसं खोळंबतात. "एक चहा. मला. आत्ता. साखर अर्धा चमचा. आलं नको. वेलची नको. काचेच्या ग्लासात." टपरीवाला एकदा म्हणाला, "रोजचाच ना, सर?" सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने चहात मीठ घातलंय.

रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात तेच सगळ्यांत जुने. प्रोग्रॅममधल्या फंक्शनला, म्हणजे एकेक काम करणाऱ्या तुकड्याला, माहिती द्यावी लागते. एखादी माहिती ऐच्छिक ठेवता येते. ती दिली नाही, तर आपण आधी ठरवलेलं उत्तर धरून फंक्शन पुढे जातं. जग याला सोय म्हणतं. सरांच्या लेखी ते पाप. "म्हायत नाय तर म्हायत नाय म्हणायचं! मनाचं कशाला सांगायचं?"

माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर 'सहकुटुंब' वाचून त्यांनी फोन केला होता. "मी एकटाच आहे. चालेल ना?"

गेल्या वर्षी मच्छीमारांच्या एका संस्थेसाठी मी प्रोग्रॅम लिहिला. होड्यांची यादी भरली की घरोघरी मेसेज जायचा. होडीची खबर मी ऐच्छिक ठेवली. दिली नसेल तर धरायचं, 'सुखरूप पोहोचली'. पोहोचतातच की!

एका दुपारी वारा उठला. बुरोंडीच्या एका होडीशी संपर्क तुटला. यादीत तिच्यापुढची जागा कोरी राहिली, आणि प्रोग्रॅमने पाच घरांना कळवून टाकलं, सुखरूप पोहोचली.

ते कळलं तेव्हा मी प्रोग्रॅममधली 'सुखरूप पोहोचली' धरायची ओळ उघडली. सरांनी माझ्या स्क्रीनवरची ती ओळ वाचली. आता ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. ते ओरडले नाहीत. खुर्चीचा हात धरून उभे राहिले.

"नंबर दे, पोरी. पाचही."

प्रत्येक घरी त्यांनी स्वतः फोन केला. "मघाचा निरोप चुकीचा. होडीची खबर अजून नाय. चूक आमची." शिव्या ऐकल्या. एका म्हातारीने फोन ठेवलाच नाही, तर तेही तासभर तिच्याशी बोलत बसले.

संध्याकाळी कळलं, इंजिन बंद पडलं होतं. दुसऱ्या होडीने ओढून आणली. माणसं सगळी धड होती. मी रडायला लागले.

सर शेजारी बसले. "मी आठ वर्षांचा होतो," ते म्हणाले. "बंदरावरून कोणीतरी सांगत आला, तुझ्या बाबाची होडी किनाऱ्याला लागली. आयेने लगेच त्याच्यासाठी भात टाकला."

"मग?"

"बाबा आलाच नाय. होडीच दुसऱ्याची होती." त्यांनी हाताच्या बोटांकडे पाहिलं. मग अगदी हळू, कबुली दिल्यासारखं म्हणाले,

"भात मी खाल्ला. भूक लागली होती गो."