"कोनी मेलं नाई हो!"

आमच्या गल्लीतले नामदेवकाका कोणाकडेही गेले की फाटकातूनच ओरडतात, "कोनी मेलं नाई हो!" मग चप्पल काढून हळूच विचारतात, "वाटीभर साखर हाय का?"

एका साखरपुड्यात ते असेच ओरडत आले, तर मुलीच्या आत्याच्या हातून पोह्यांची बशी पडली. काका म्हणाले, "चांगली बातमी सांगतली त चिडता काहून?"

काका अकोल्याच्या तार ऑफिसात होते. सायकलवर गावोगाव तारा वाटायचे. माझ्या मुलीने एकदा विचारलं, "आजोबा, तार म्हणजे कपडे वाळवायची?"

"तशीच लोखंडाची, पन खांबावरची. तिच्यातून निरोप ये टकटक करत. ऑफिसात तो कागदावर उतरवत. लोक त्या कागदालेच तार म्हनत. पानी आलं की तुही माय 'नळ आले' म्हनते का नाई? नळ कुठून येते? तो त भिंतीतच हाय!"

मी चौथीपर्यंतच शिकले, पण हे मला लगेच समजलं. आमच्याकडे नळ आले की सगळी गल्ली पळते.

तार आली म्हणजे कोणीतरी गेलं, असंच तेव्हा लोक धरून चालत. हिवरखेडला काकांनी एक तार नेली. ती इंग्रजीत, आणि वाचणारे मास्तर बाजाराला गेलेले. बायकांनी रडणं सुरू केलं. नागपूरचा थोरला गेला असं ठरवून धाकट्याला न्हाव्यापुढे बसवलं. अर्धं डोकं झालं तेव्हा मास्तर आले. थोरल्याला मुलगा झाला होता! धाकट्याने टोपी घालून पेढे वाटले.

त्या दिवसापासून काका मजकूर ऑफिसातच विचारून घेत. चांगला असला की वेशीवरून ओरडत. वाईट असला की ओरडत नसत. सायकल टेकवून आधी प्यायला पाणी मागत. तेवढ्यात घरच्यांना काय ते समजे.

परवा काकांच्या बायकोचं, कमलकाकूंचं, हृदयाचं ऑपरेशन अमरावतीला होतं. काकांना त्यांच्या मुलीनेच परत पाठवलं. दवाखान्यात इतरांच्या नातेवाइकांना धीर द्यावा म्हणून ते व्हरांड्यात ओरडले, आणि नर्सबाईंनी त्यांना बाहेर काढलं. काका मोबाइल ठेवत नाहीत. म्हणून त्यांच्या मुलीचा फोन माझ्याकडे येणार होता.

दुपारी आला. मी निघाले. काका ओट्यावर बसून होते. त्यांनी लांबूनच मला पाहिलं. माझा आवाज आमच्या घरातही कोणाला ऐकू जात नाही. सासूबाई म्हणायच्या, "इले त मांजरही भीत नाई." मी मान खाली घालून चालले होते, जवळ जाऊन सांगावं म्हणून.

काका उठले, आत गेले आणि गडवाभर पाणी घेऊन दारात आले. माझ्यासाठी.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडले, "कोणी मेलं नाही हो! काकू शुद्धीवर आल्या!"

भराभरा दारं उघडली. मी पदर तोंडावर घेतला. काका ओट्यावर बसले. गडव्यातलं पाणी स्वतःच प्यायले.

"पोरी," ते म्हणाले, "अजून एकडाव म्हन ना वं."

सगळी गल्ली बघत होती. मी पुन्हा ओरडले.